मटण, बटाटा, कांदा, पाणी : घरचा आयरिश लॅम्ब स्ट्यू

लीकाठची

'आज काय शिजलं' या धाग्यावर स्ट्यूचा फोटो टाकला तर पाककृतीची (पाकृची) मागणी आली, म्हणून हा वेगळा धागा. आधीच सांगून ठेवते, यात आलं-लसूण नाही, हळद नाही, फोडणी नाही, मटण परतायचंसुद्धा नाही. एवढं वाचून ज्यांची भूक मेली त्यांनी तांबड्या रश्श्याचा धागा वर काढावा, तिथे भेटूच.

मी आयर्लंडमधल्या कॉर्कला राहते. इथल्या पबांत पाटीवर 'आयरिश स्ट्यू' लिहिलेलं असतं आणि वाडग्यात बऱ्याचदा गिनेस (इथली काळी बिअर) घातलेलं बीफ निघतं. दाट, काळपट, चवीला छान, पण तो पदार्थ वेगळा. घरातला जुना स्ट्यू पांढरट असतो, मेंढीच्या मटणाचा असतो आणि त्यात शीर्षकातल्या चार वस्तू असतात. मीठ, मिरी आणि वरून पार्सली. बाकी जे काही घालाल त्यावर इथे कोणीतरी भांडायला उठतंच.

हा इतका साधा का, तर चुलीमुळे. शेतकऱ्याकडे मेंढ्या असायच्या त्या लोकरीसाठी आणि दुधासाठी. कोवळं कोकरू कापणं परवडायचं नाही. म्हातारी झालेली मेंढी किंवा मानेचे, बरगडीचे हाडाळ तुकडे भांड्यात जायचे. घरात ओव्हन नव्हता. आकड्याला टांगलेलं एक लोखंडी भांडं आणि खाली पीटचा विस्तव. पीट म्हणजे दलदलीतून विटांसारखे कापून वाळवलेले, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचे तुकडे. त्याची धग मंद असते आणि तासन्‌तास टिकते. अशा आचेवर मटण भाजून लाल होत नाही, पण चिवट मांस हळूहळू हाडापासून सुटतं.

सहा जणांचं प्रमाण. हाडासकट लॅम्ब (कोकराचं मटण) सव्वा किलो. मान मिळाली तर मानच, नाहीतर खांद्याचे चॉप. इथला खाटीक त्यांना 'जिगट चॉप' म्हणतो. मागच्या रानाचं (मांडीचं) आणू नका, कोरडं पडतं. बटाटे दीड किलो, पैकी निम्मे शिजल्यावर पिठासारखे फुटणारे आणि निम्मे आकार धरून राहणारे. मोठे कांदे पाच-सहा. पाणी पाऊण लिटर. थाइमच्या दोन काड्या मी घालते, मूठभर पार्सली शेवटी.

मटणाच्या कडेची जाड चरबी काढा, सगळी नाही. लॅम्बला जो उग्र वास येतो तो मुख्यतः चरबीतून येतो, आणि जनावर जितकं जून तितका जास्त. सुटी हाडं निघाली तर ती गार पाण्यात घालून तासभर उकळा आणि साध्या पाण्याऐवजी तेच वापरा.

जाड बुडाच्या भांड्यात तळाला फुटणाऱ्या बटाट्याच्या पातळ चकत्या पसरा. त्यावर निम्मा कांदा जाडसर चिरून, मीठ-मिरी, मग सगळं मटण, पुन्हा मीठ-मिरी, थाइम, उरलेला कांदा. पाणी गारच ओता, कडेने. उकळी धरू लागली की करडा फेस वर येतो, तो डावाने काढत राहा. इथे आळस केला तर रस्सा गढूळ दिसतो. मग झाकण आणि आच इतकी कमी, की झाकण उचलल्यावर एखाद-दुसरा बुडबुडा फुटताना दिसावा. खळखळ उकळवलं तर मांसाचे दोरे होतात. सव्वा तासाने आकार धरणारे बटाटे सोलून, अर्धे करून वर मांडा. ते बुडता कामा नयेत, वाफेवरच शिजू द्या. अजून पाऊण तास. ओव्हनमध्ये १६० अंशावर ठेवलंत तर मध्येमध्ये बघायचीही गरज नाही.

दोन तासांनी तळाच्या चकत्या चकत्या राहिलेल्या नसतात. तोवर ढवळायचं नाही. आता डाव पार तळाशी घालून एकदाच अलगद वर उचला. पांढरा, ओठाला किंचित चिकटणारा रस्सा वर येतो, त्यावर चरबीचे पिवळे ठिपके तरंगतात. दाटपणा सगळा बटाट्याचा आणि हाडातल्या सरसाचा. मैदा नको, कॉर्नफ्लोअर नको.

ताटल्या गरम करून घ्या. हे नखरे नाहीत, लॅम्बची चरबी गार ताटलीत लगेच थिजते आणि टाळूला चिकटून बसते.

रंकाळ्यावरचा

ताई, वाचता वाचता मला वाटलं हे तर आमचं अळणी! कोल्हापुरात मटण शिजलं की तिखट घालायच्या आधी वाटीभर अळणी काढून ठेवतात, बारक्या पोरांना आणि आजाऱ्याला. त्यात बटाटा ढकलला की झाला का आयर्लंड? बाजूला लसणाची चटणी घेतली तर चालंल का तेवढं सांगा.

लीकाठची

रंकाळ्यावरचा, जवळचं नातं आहे खरं, पण अळण्यात हळद असते, आलं-लसूण असतं, कांदा तुपावर परतलेला असतो. इथे त्यातलं काहीच नाही. चटणी बाजूला घ्या की, आमच्याकडेही एका ताटात असते. फक्त पहिले चार घास चटणीशिवाय खा. कांदा दोन तास मंद शिजून किती गोड होतो ते चटणीनंतर कळणार नाही.

पेठेतला_पत्ता

सव्वा किलो मटणाला पाऊण लिटर पाणी कमी वाटतं. आणि मिरी किती? 'चवीनुसार' हे प्रमाण नव्हे.

लीकाठची

कमी नाही. कांदा आणि मटण दोन्ही पाणी सोडतात, जास्त ओतलंत तर बटाट्याचं सूप होईल. मिरी ताजी जाडसर कुटलेली, सपाट एक चमचा, दोन थरांत वाटून. मीठ आधी दोन चमचे, बाकी शेवटी चाखून.

गोदाघाट

पाकृ आवडली, पण आमच्या नाशकात मटण म्हणजे बोकड. मॉलमध्ये गोठवलेलं परदेशी लॅम्ब मिळतं त्याची किंमत बघून मी परत ठेवलं. बोकडाचं केलं तर जमेल का?

माणदेशी_माणूस

गोदाघाट, मेंढीचं मटण महाराष्ट्रात मिळत नाही असं थोडंच आहे. सांगोला, आटपाडी, जत, माण, सगळा धनगरांचा मुलूख. डेक्कनी मेंढ्या, काळ्या लोकरीच्या. आमच्या बाजारच्या गावाला खाटकाला 'मेंढीचं की बोकडाचं' असं विचारूनच घेतात. शहरात लोक विचारत नाहीत आणि तो सांगत नाही. नाशिकच्या आसपासही कळप उतरतात, ओळखीच्या खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. पण आपली मेंढी चरून चरून हिंडलेली, दोन तासात ऐकणार नाही. तीन धरा.

लीकाठची

माणदेशी_माणूस, हे फार कामाचं. आणि मूळ स्ट्यू तसल्याच जून मेंढीचा होता, तेव्हा तुमच्या बाजारातलं मटण सुपरमार्केटमधल्या कोवळ्या लॅम्बपेक्षा मुळाला जास्त धरून आहे.

गोदाघाट, बोकडाचंही होतं. आयर्लंडमध्ये पूर्वी करडाचं मटणही यात घालत असत असं जुन्या वर्णनांत सापडतं. बोकडाला चरबी कमी, त्यामुळे रस्सा सपक लागू शकतो. खाटकाला मान आणि सीना मागा, दोन-तीन नळ्या जास्त घ्या.

शिट्टी_झाली

कुकर! कुकरचं कोणीच कसं बोलत नाही? दोन तास गॅस जाळायचा तर सिलिंडर कोण भरणार.

लीकाठची

थांबा, त्यावरच येत होते. कुकरमध्ये तळाच्या चकत्या, कांदा, मटण आणि अर्धा लिटरच पाणी, कारण वाफ बाहेर जात नाही. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून लॅम्बला पंधरा मिनिटं, बोकडाला पंचवीस, जून मेंढीला त्याहून थोडा जास्त वेळ. कुकर आपोआप उतरू द्या, शिट्टी उचलून वाफ सोडू नका. आतला रस्सा एकदम खळखळतो आणि मटण कडक होतं. मग झाकण उघडून वरचे बटाटे मांडा आणि नुसतं झाकण ठेवून अर्धा तास. फेस मात्र झाकण लावायच्या आधी काढायचाच, आणि थर लागल्यावर घाई नको, तळ धरतो.

सातगाव_पठार

सगळी चर्चा मटणावर चालली आहे आणि जो पदार्थ रस्सा दाट करतो त्याला कोणी विचारत नाही! मी आंबेगाव तालुक्यातला, खरिपाचा बटाटा करतो, म्हणून जरा बोलतो.

लीकाठची यांनी 'फुटणारा' आणि 'आकार धरणारा' असे दोन प्रकार सांगितले. आपल्याकडे भाजीवाला फक्त 'नवा' आणि 'जुना' सांगतो. फरक असतो तो सुक्या मालाचा, म्हणजे पाणी उडून गेल्यावर जे उरतं त्याचा. पिठूळ वाणात स्टार्च जास्त, शिजल्यावर पेशी एकमेकींपासून सुटतात आणि बटाटा भुगा होतो. कमी स्टार्चचा असेल तर तुकडा तसाच राहतो. पुखराज हा वाण लवकर येतो, दिसायला मोठा, पण पाणचट. तो वरच्या थराला लावा. तळाला चिप्सोना मिळाला तर सोनं. तो सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली वेफर्सच्या कारखान्यांसाठीच आणला, म्हणून सुका माल भरपूर. ज्योती या दोन्हींच्या मधला, कुठेही चालतो.

घरी ओळखायचं कसं, तर एक भाग मीठ आणि अकरा भाग पाणी घेऊन द्रावण करा आणि त्यात बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर पाणचट.

आणि शीतगृहातला बटाटा आणला असेल तर शिजवण्याआधी आठवडाभर घरात अंधारात, पोत्यावर पसरून ठेवा. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. तसाच वापरला तर स्ट्यू गुळचट लागेल आणि तुम्ही कांद्याला दोष द्याल.

पेठेतला_पत्ता

मिठाच्या पाण्याची युक्ती आत्ताच करून पाहिली. घरातले सगळे तरंगले. बायको विचारते आहे की हा काय प्रकार.

सातगाव_पठार

पेठेतला_पत्ता, मंचरच्या बाजार समितीत आलात की सांगा, बुडणारे देतो.

अजून एक राहिलं. आयर्लंड आणि बटाटा म्हटलं की आम्हाला पहिला आठवतो तो करपा. उशिरा येणारा करपा म्हणतो आम्ही त्याला. ढगाळ हवा, धुकं, रात्री गारवा, की पानावर तेलकट काळे डाग, पानाच्या खालून पांढरी लव, आणि आठवड्यात रान बसतं. दिसतो बुरशीसारखा, पण शास्त्राप्रमाणे ती खरी बुरशी नाही. १८४५ साली आयर्लंडमध्ये हाच उतरला आणि मोठा दुष्काळ पडला. गरिबांच्या रानात बहुतेक एकच वाण होता, लंपर नावाचा. बटाटा बेण्यापासून, म्हणजे बटाट्याच्याच तुकड्यापासून लावतात, त्यामुळे सगळी झाडं एकाच झाडाची पिल्लं. एकाला बाधला तो सगळ्यांना बाधला. आम्ही कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात हे ऐकलेलं. आमच्याकडे ज्योती वाण १९६८ ला आला तो करप्याला दाद देत नाही म्हणूनच गाजला. आता तोही पूर्वीसारखा टिकत नाही, फवारे मोजून घ्यावेच लागतात.

बखरकार_नव्हे

सातगाव_पठार, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मूळ लेखातल्या एका गोष्टीला जरा आवर घालतो. स्ट्यूला सरसकट 'गरिबांचं अन्न' म्हणायची पद्धत आहे. दुष्काळाआधीच्या आयर्लंडमधला भूमिहीन मजूर वर्षातला बराच काळ बटाटा आणि ताक यावर जगत होता, मटण त्याच्या वाट्याला क्वचित. ज्याच्या घरी मेंढी मरेपर्यंत सांभाळायची ऐपत होती त्याच्याकडे हा स्ट्यू. १८४१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ऐंशी लाखांच्या वर होती, १८५१ ला ती पासष्ट लाखांच्या आसपास आली. दहाएक लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. आणि त्या काळात धान्य आणि जनावरं जहाजांत भरून इंग्लंडला जातच होती. सगळा दोष करप्यावर टाकला की राज्यकर्ते सुटतात.

मदत पाठवणाऱ्यांत आपल्याकडचं कलकत्ता अगदी सुरुवातीला होतं.

लीकाठची

बखरकार_नव्हे, मान्य. माझ्या लेखातला 'शेतकरी' म्हणजे थोडी जमीन असलेला, असं वाचा.

आमच्याच जिल्ह्यात, स्किबरीनला, त्या काळच्या सामूहिक दफनाची जागा आहे. आणि मिडल्टन नावाच्या गावात स्टीलच्या उंच पिसांचं शिल्प आहे, ओंजळीसारखं उभं. अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांनी १८४७ साली आयर्लंडला पैसे पाठवले होते, त्याची आठवण. त्यांना स्वतःला त्यांच्या जमिनीवरून हुसकावून लावल्याला तेव्हा फार वर्षं झालेली नव्हती.

इथल्या माझ्या वयाच्या लोकांशी बोलताना लक्षात येतं, बटाट्याच्या वाणांवर ते आपल्या आंब्यांसारखे बोलतात. रोस्टर रोजचा, लाल सालीचा. तो कार्लोजवळच्या ओक पार्कच्या संशोधन केंद्रात तयार झाला. केर्स पिंक म्हाताऱ्यांचा लाडका. गोल्डन वंडर इतका पिठूळ की पाण्यात उकळला तर पाण्यातच विरून जातो. मी तळाला तोच घालते आणि वर रोस्टर.

डब्लिन_१५

मी डब्लिनची. इथे ऑफिसात गाजराचा विषय काढला आणि अर्धा तास काम बंद. एकीचं म्हणणं गाजर घातलं की तो स्ट्यू राहिलाच नाही, दुसरीची आई गाजर, सलगम, बार्ली सगळं घालते. लीकाठची, तू कोणाकडून?

लीकाठची

डब्लिन_१५, मी रविवारी गाजरवाली. कॉर्कजवळ शानागॅरीला बॅलिमलू हाउस आहे. मर्टल ॲलन यांनी १९६४ साली आपल्या शेतातल्या घरातच जेवणघर सुरू केलं, आयर्लंडच्या घरगुती स्वयंपाकाला मान मिळवून देणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं. त्यांच्याकडच्या स्ट्यूत गाजर असतं. एवढी मोठी साक्ष असताना मी कशाला घाबरू. फक्त गाजर अख्खं किंवा मोठ्या तुकड्यांत घाला, बारीक चिरलं तर रस्सा पिवळा आणि गोड होतो.

बार्लीचं सांगते. पॉलिश केलेली, मोत्यासारखी मिळते ती, मूठभर, तासभर भिजवून मटणाबरोबर. रश्श्याला छान गुळगुळीतपणा येतो. पण ती रात्रभरात सगळं पाणी पिऊन टाकते आणि दुसऱ्या दिवशी भांड्यात खिमट सापडतं. एका बैठकीत संपणार असेल तरच घाला.

तवा_तापला

मी हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो, त्यामुळे मला हे पटत नाही. मटण आधी कडकडीत तापलेल्या भांड्यात भाजून घेतल्याशिवाय चव येतच नाही. तो खरपूसपणा तुम्ही फुकट घालवताय.

लीकाठची

तवा_तापला, तुमचं शास्त्र बरोबर आहे. भाजलंत तर रस्सा तपकिरी आणि खमंग होईल, गिनेसच्या स्ट्यूत तेच करतात. पण मग खमंगपणाच पुढे येतो आणि मटण, कांदा, बटाटा सगळे त्याच्या मागे जाऊन बसतात. इथे मला कोकराच्या मांसाची, गवतावर वाढलेल्या जनावराची चव हवी आहे. कॉनेमाराच्या डोंगरातलं लॅम्ब मिळतं, हेदरची रानझुडपं आणि रानगवत खाऊन वाढलेलं, त्याला तर मी थाइमही घालत नाही. मटण साधंच असेल तर खुशाल भाजा, मी तक्रार करणार नाही.

तवा_तापला

ठीक. मग एक सुचवतो. भाजायचं नसेल तर मटण आधी गार पाण्यात घालून एक उकळी आणा, ते पाणी फेका, मटण धुऊन घ्या आणि मग थर लावा. फेस काढत बसावं लागत नाही आणि वासही बराच कमी होतो. वास आवडत नाही म्हणून लॅम्ब टाळणाऱ्यांना हा उपाय चालतो.

शेवग्याची_शेंग

टोमॅटो घातला तर? रंग तरी येईल.

लीकाठची

नका घालू, आणि कारण रंगाचं नाही. टोमॅटोच्या आंबटपणाने बटाटा लवकर मऊ होत नाही. तळाच्या चकत्या विरघळल्याच नाहीत तर रस्सा दाट कशाने होणार? वाइन ओतणाऱ्यांचंही तेच होतं.

निवृत्त_तोफखाना

देवळालीला असताना आमच्या मेसमध्ये महिन्यातून एकदोनदा 'आयरिश स्ट्यू' असायचा. इंग्रज गेले, स्ट्यू राहिला. आचारी गढवाली, आयर्लंड कुठे आहे हे ना त्याला ठाऊक ना आम्हाला. तो त्यात अख्खी मिरी, तमालपत्र, दालचिनीचा तुकडा आणि शेवटी थोडं दूध घालायचा. पाव बुडवून खायचो. थंडीत रात्रीच्या कवायतीनंतर त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. तुमच्या हिशेबाने तो आयरिश नव्हताच म्हणायचा!

लीकाठची

काका, तुमच्या मेसचा स्ट्यू हा स्वतंत्र घराण्याचा. त्याची पाकृ तुम्हीच टाका. दूध कधी घालायचे, आच बंद केल्यावर की आधी? मला खरंच हवी आहे.

निवृत्त_तोफखाना

आच बंद करून, कोमट दूध. नाहीतर फाटतं. बाकी प्रमाण आठवून लिहितो, सौ.ना विचारावं लागेल.

मालवणी_खाजां

अवांतर : आयर्लंडचो विषय निघालो आणि वराडचां नाव नाय? लिओ वराडकरांचे वडील आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा गावात काय आनंद होता! २०१९ च्या डिसेंबरात स्वतः गावात येऊन गेले. आता त्यांना स्ट्यू आवडता की कोंबडी-वडे, ह्यां कोणी विचारल्यान नाय.

डब्लिन_१५

कोंबडी-वडे म्हणाले असते तर इकडची मतं गेली असती :)

उपवासाचा_वार

आम्ही शाकाहारी. मटणाऐवजी पनीर?

शिट्टी_झाली

पनीर दोन तास मंद आचेवर. मला त्या पनीरची दया येते.

लीकाठची

उपवासाचा_वार, पनीर नको. अळंबी मोठी चिरून, बार्ली, गाजर, सलगम, आणि तळाला तोच पिठूळ बटाटा, असं पाऊण तासात छान होतं. थोडं लोणी शेवटी. पण मटणाचं सरस नसल्याने रस्सा ओठाला चिकटणार नाही, तेवढं सोडून द्यायचं.

गोदाघाट

रविवारी केला! बोकडाची मान आणि सीना, कुकरमध्ये, शिट्टी_झाली यांच्या सिलिंडरला स्मरून. पंचवीस मिनिटांत मटण हाडावरून सुटलं. चव आवडली, सासऱ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि मग मिरचीचा ठेचा मागितला. दोन शंका आहेत. रस्सा वाटला तितका दाट झाला नाही. आणि उरलेला फ्रिजमध्ये ठेवला तर वर पांढरा थर आला आहे, तो खायचा की काढायचा?

सातगाव_पठार

बटाटा कुठला होता?

गोदाघाट

कोपऱ्यावरच्या गाडीवरचा. नवा, पातळ सालीचा, बोटाने साल निघत होती.

सातगाव_पठार

मग बरोबर. कोवळा काढलेला, स्टार्च भरलेलाच नाही. साल घट्ट बसलेला, खरबरीत दिसणारा जुना घ्या.

लीकाठची

आणि आत्ता जो उरलाय त्यातले दोन बटाटे पळीने चिरडून रश्श्यात मिसळा, दहा मिनिटं मंद गरम करा, दाट होईल.

पांढरा थर म्हणजे चरबी. गार असतानाच चमच्याने उचलून काढा, थोडी राहू द्या. खरं तर आदल्या दिवशी मटण-कांदा-चकत्यांपर्यंत शिजवून ठेवायचं, सकाळी चरबी काढायची आणि वरचे बटाटे जेवायच्या आधी घालायचे, ही सगळ्यांत सोयीची रीत आहे. पाहुणे येणार असतील तर मी असंच करते. काढलेली चरबी टाकू नका, बटाट्याच्या काचऱ्या तिच्यात फार कुरकुरीत होतात.

रंकाळ्यावरचा

शेवटचं एक. पाव विकतचा नको, इथला गोड असतोय. आयर्लंडात याच्याबरोबर काय खातात? भाकरी चालंल का?

लीकाठची

ज्वारीची भाकरी उत्तम चालते, मी करतेच. इथे सोडा ब्रेड असतो. यीस्ट नाही, मळणं नाही, पूर्वी तोही लोखंडी भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून भाजायचे. साडेचारशे ग्रॅम मैदा, एक सपाट चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा मीठ, आणि साडेतीनशे ते चारशे मिली आंबट ताक. आपलं ताक पातळ असतं, म्हणून दही घुसळून त्यात थोडंच पाणी घाला. सोड्याला आंबटपणा मिळाला नाही तर ब्रेड फुगत नाही आणि साबणासारखा लागतो. हाताने जेमतेम गोळा करा, मळलात तर चिवट होतो. वर सुरीने खोल फुली मारा म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही. २३० अंशावर पंधरा मिनिटं, मग २०० वर अर्धा तास. उलटा करून बुडावर टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे. कणीक वापरायची तर निम्मीच, आपली कणीक बारीक दळलेली असते आणि ताक जास्त पिते.

कढईत, गॅसवर, वाळू घालून कोणी केला असेल तर इथे लिहा. मला ओव्हनशिवायचं प्रमाण हवं आहे, पुढच्या महिन्यात सांगलीला आईकडे करायचा आहे.